मैदान कुणाच्या बापाचं?

(मुंबईतल्या एका वस्तीत, युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



तुम्ही मला 'तरुण आणि संस्कृती' असा भारदस्त विषय दिलाय. मी संस्कृतीवर बोलणार नाही, जागेवर बोलणार आहे. जागाच नसेल तर संस्कृती उभी कुठं करायची? डोक्यावर?

आपली ही सभा कुठं चाललीय बघा. घरांच्या दोन रांगांमधल्या बोळात. टँकर आला की उठायचं, गेला की परत बसायचं. जयंतीचा मंडप इथंच, लग्न इथंच, मयताची तिरडी इथंच बांधायची आणि पोरांचं क्रिकेटही इथंच. पोरींना तर हा बोळही नाही. त्यांनी उंबऱ्यात बसून बघायचं.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास झाला आणि कागदावर राहिला. म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं. पुढं घटनेच्या १५व्या कलमात आलं, की दुकानं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तळी, रस्ते, लोकांच्या वावराच्या जागा, इथं जातीवरून कुणाला अडवायचं नाही. पाण्याच्या शेजारी करमणूक लिहिलीय, दोस्तहो! खेळणं, गाणं, नाटक बघणं ही आपल्या घटनेला चैन वाटली नाही.

पुण्यात बाळू पालवणकर क्रिकेट खेळायचे. त्यांनी काढलेल्या विकेटी सवर्णांना चालायच्या. चहाच्या वेळी मात्र बाळू तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. आज असं उघड करायची सोय राहिली नाही. आता दारावर मज्जावाची पाटी नसते, कारण दारच नसतं. जे मैदान आपल्या वस्तीत आखलंच नाही, त्यात शिरायचा हक्क घेऊन करायचं काय?

हे आखणं होतं विकास आराखड्यात. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. त्याखाली शहराचा नकाशा तयार होतो आणि बाग, मैदान, वाचनालय, नाट्यगृह यांच्यासाठी जमिनीवर आरक्षण पडतं. होय, आरक्षणच! नोकरीतल्या आरक्षणानं ज्यांच्या पोटात मुरडा येतो, त्यांच्या मोक्याच्या जमिनींवरही आरक्षण असतं. आणि त्याचंही तसंच होतं. अनुशेष भरायचाच नाही! १२७वं कलम वाचा. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिने पालिका झोपून राहिली की आरक्षण रद्द. तुमचं मैदान गेलं. कुणी मारलं? कुणीच नाही. मुदत संपली!

गिरणगाव आठवा. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी द्यायचा होता. २००१ साली नियम बदलला. बांधकाम असलेली जमीन हिशेबातून गेली, उरलेल्या रिकाम्या तुकड्याचा तिसरा हिस्सा आला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आंबेडकरी जलसा, कामगारांचं लोकनाट्य हे काही वातानुकूलित थेटरात वाढलं नाही. चाळीच्या चौकात, पटांगणात वाढलं. चौक गेले, मॉल आले. मॉलच्या दारात शाहीर डफ घेऊन उभा राहिला तर वॉचमन किती वेळ ऐकेल?

मुंबईत माणशी वापरता येणारी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगतात. माणूस धड पाय पसरून झोपू शकत नाही तेवढी. केंद्राची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात दहा ते बारा चौरस मीटर हवी. मग लगेच बोट आपल्याकडं वळतं, की झोपडपट्टीवाल्यांनी बागा खाल्ल्या! बाबांनो, घर दिलं असतं तर बागेवर कोण झोपडी घालायला आलं असतं? बाग विरुद्ध झोपडी ही भांडणं आपण लढायची नाहीत. आपल्याला घरही पाहिजे आणि मैदानही पाहिजे. आरक्षित मोकळ्या जागेवर झोपड्या असतील, तर पुनर्वसनानंतर ३५ टक्के जागा मोकळी ठेवायचा नियम आहे. २०२५ साली उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. ती ३५ टक्के जागा टॉवरच्या फाटकाआड जाऊ नये, हे बिल्डर बघणार नाही. आपण बघायचं.

म्हणून कामाचं बोलतो. एक, वॉर्डात जाऊन आपल्या भागाचा आराखडा मागा. कुठल्या प्लॉटवर काय आरक्षण आहे, कधीचं आहे, ताबा घेतला का, ते वहीत उतरवा. दोन, आपला नकाशा आपण काढा. विहार, समाजमंदिर, अभ्यासिका, तालीम, पोरं खेळतात तो बोळसुद्धा. जे कागदावर नाही, ते उद्या पाडताना कुणी मोजत नाही. तीन, नवा आराखडा किंवा त्यातला बदल जाहीर झाला की मुदतीत लेखी हरकत घ्या, सुनावणीला झुंडीनं जा. हरकतींचा भडिमार झाला म्हणून मुंबईचा आराखडा २०१५ साली सरकारला पुन्हा करायला लावावा लागला होता. आणि चार, या कामात पोरींना पुढं करा. मैदान झालं तर पहिला तास त्यांचा.

आपल्या आज्यापणज्यांनी तळ्याचं पाणी हातात घेतलं. आपल्या हातात पट्टी, पेन्सिल आणि नकाशा आला पाहिजे.

तो बघा, टँकर आला. उठा! पण उठून घरी जाऊ नका.

जय भीम.