जुना वाडा : विक्री की सदुपयोग ?

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर विद्वान वक्त्यांची परंपरा आहे. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपलीकडे गेले नाही. आयुष्य गेले ते मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात. तरीही कार्यकारी मंडळाने आग्रहाने बोलावले व विषयही नेमून दिला, म्हणून चार शब्द आपणांपुढे ठेवीत आहोत. ते गोड मानून घ्यावेत. आणि जेथे कडू लागतील तेथे त्यांस औषध समजावे.

विषय आहे शिरपुरातील आपल्या संस्थेच्या जुन्या वाड्याचा. हा वाडा आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. मधला चौक, चारी बाजूंस ओसरी, आतील माजघर, वर कडीपाटाचा माळा, भिंतीत देवळ्या आणि कोपऱ्यात धान्याचे बळद. कोणे एके काळी बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांची पंगत याच चौकात बसे, लग्नाची वऱ्हाडे येथेच उतरत, आणि भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत ती याच ओसरीवर. आज तेथे कुलूप आहे. धाब्यावर गवत उगवते, आणि पावसाळ्यात पूर्वेकडील भिंतीस ओल येते.

त्या ओलीविषयी आम्हांस प्रथम एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही विश्वस्त मंडळावर असता, ओसरीच्या मुख्य दाराची कोरीव सागवानी चौकट विकण्याचा ठराव झाला. त्यावर आमची सही आहे. आलेल्या पैशांतून पूर्वेच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला. भिंत दोन वर्षे छान दिसली. पुढे गिलाव्यास पोपडे आले, कारण मातीची व चुन्याची भिंत श्वास घेते. आत शिरलेली ओल तिला बाहेर टाकावयाची असते, आणि सिमेंटचा थर ती कोंडून ठेवतो. आमच्या वाडवडिलांनी घाण्यात मळलेला चुना, वाळू, गूळ, बेलफळाचा गर, हिरडा हे जे वापरले ते काही अडाणीपणाने नव्हे. चौकटही गेली आणि भिंतही बिघडली. म्हणून आज जे सांगत आहोत ते शहाणपणाने नव्हे, तर ठेच लागल्यावर आलेल्या जाणिवेने सांगत आहोत.

आता मंडळापुढे दोन मते आहेत. एक असे की, वाडा पाडून तेथे दुकानांचे गाळे बांधावेत. दुसरे असे की, आहे तशी जागा विकून टाकावी व व्याजावर शिष्यवृत्त्या द्याव्यात. दोन्ही मते मांडणारे संस्थेचे हितचिंतक आहेत, यात शंका नाही. परंतु तिसरीही एक वाट आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच कोणी चालून पाहिली आहे. तीच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

गतवर्षी आम्ही कोकणात सावंतवाडीस गेलो होतो. मोती तलावाकाठी तेथील राजवाडा आहे. तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात, म्हणजे 1755 ते 1803 या काळात, तो उभा राहिला. बांधकाम जांभ्या दगडाचे. संस्थाने विलीन झाल्यावर अशा वाड्यांचे काय होते हे आपण जाणताच : कोठे कचेरी, कोठे गोदाम, कोठे वटवाघळांची वसाहत. सावंतवाडीस तसे झाले नाही, याचे कारण एक लहानशी वस्तू : गंजिफा.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत मत्स्य, कूर्म, वराह इत्यादी दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पाने, अशी बारा पाने, एकूण 120. चिंचोक्याच्या खळीने जाडी आणावयाची, त्यावर रंग, त्यावर लाखेची झिलई. छापील पत्ते स्वस्त मिळू लागल्यावर या कलेस गिऱ्हाईक उरले नाही, आणि जाणते कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. अशा वेळी, 1970 च्या दशकाच्या आरंभी, श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलीक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती विद्या शिकून घेतली, आणि तरुण हातांना ती शिकविण्याची सोय राजवाड्यातच केली. ज्या दरबारात मानकरी बसत, तेथे कुंचले घेऊन कारागीर बसू लागले. सिंहासन राहिले नाही; पण दरबार रिकामा राहिला नाही !

पुढील पिढीने यावर आणखी एक पाऊल टाकले. 2022 च्या सुमारास राजवाड्याच्या आवारातील ताईसाहेब वाडा या भागात प्रवाशांसाठी खोल्या सुरू झाल्या, व त्यांची सजावट गंजिफेच्या दशावतारांवरून केली. उतरलेला पाहुणा कारागिरांचे काम पाहतो, स्वतः कुंचला धरून बघतो, आणि जाताना पत्त्यांचा जोड घेऊन जातो. खोलीचे भाडे वाड्याची कौले सांभाळते, वाडा कलेस छत्र देतो, आणि कलेमुळेच पाहुणा येतो. 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळाले. तीन काड्यांची ही तिवई आहे. एक काढली की उरलेल्या दोन पडतात.

हा काही एकटाच दाखला नव्हे. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी 1710 साली बांधलेल्या जाधवगडावर आज हॉटेल आहे व त्याच्या जोडीस जुन्या वस्तूंचे संग्रहालयही आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस 1993 साली बंद पडले. पुष्कळांनी त्याची आशा सोडली होती, पण दुरुस्ती होऊन 2016 साली ते पुन्हा गाण्या-नाटकांसाठी उघडले. स्पेन देशात तर 1928 पासून सरकारच जुने किल्ले व मठ दुरुस्त करून त्यांत प्रवासीगृहे चालवीत आले आहे.

कोणी म्हणेल, 'गुरुजी, कोठे सावंतवाडीचा राजवाडा आणि कोठे आपला वाडा !' म्हणणे रास्त आहे. तेथे समुद्र व गोवा जवळ. येथे समुद्र नाही. तेथे मालक एक घराणे. येथे मालक आपण सर्व, म्हणजे व्यवहारात पुष्कळदा कोणीच नाही. परंतु येथे पाहुणा येत नाही, असे मात्र म्हणू नये. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरू शिरपुरास येतात. जवळच लोणारचे सरोवर. जिल्ह्यातच कारंजा, पोहरादेवी आणि वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. येणारा मनुष्य दर्शन घेतो आणि मोटारीत बसून निघून जातो, कारण एक रात्र थांबून या वऱ्हाडाची दंडार पाहावी, भारूड ऐकावे, भुलाबाईची गाणी ऐकावीत, ज्वारीची भाकरी व ठेचा खावा, अशी जागाच आपण त्यास दाखविली नाही.

आमची सूचना अशी. वाडा पाडू नये आणि विकूही नये. चौक व ओसरी गावाच्या कलेस द्यावी : भजन, दंडार, मुलांची चित्रशाळा, भगिनींचे शिवण-विणकाम यांस. वरच्या माळ्यावरील व मागील बाजूच्या आठ खोल्या दुरुस्त करून त्यांत प्रवाशांची सोय करावी. खोल्यांच्या उत्पन्नाचे खाते वेगळे ठेवावे, आणि त्यातून आधी वाड्याची डागडुजी, मग कलेचा खर्च, व उरेल ते शिष्यवृत्त्यांस, असा क्रम घटनेतच लिहून ठेवावा. क्रम उलटा झाला तर चौक केवळ हॉटेलची शोभा होईल, आणि आपल्याच मुली आपल्याच ओसरीवर पाहुण्यांच्या परवानगीने गातील. तसे होणार असेल तर गाळे बांधलेले बरे !

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. हॉटेल म्हटले की मद्य-मांस आले, अशी ज्येष्ठांची भीती आहे. घर आपले, तेव्हा नियमही आपलेच. तीर्थाच्या गावी शुद्ध शाकाहारी यात्रीनिवास चालतो, हे काय आम्ही सांगावयास पाहिजे? दुसरा प्रश्न कायद्याचा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांस इमारत विकता येत नाही, की तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. म्हणून जे विक्री सोपी समजतात त्यांनी व जे एखाद्या हॉटेलवाल्यास दीर्घ पट्टा देऊ पाहतात त्यांनी, दोघांनीही आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. तिसरा प्रश्न पैशाचा. सगळा वाडा एकदम उभा करू नये. आधी धाबे व पूर्वेची भिंत. सिमेंट खरवडून पुन्हा चुना. मग दोन खोल्या. त्या चालल्या तर पुढच्या दोन.

शेवटी एक गोष्ट सांगतो. आपल्या गावाइतके कुलपाचे दुःख दुसऱ्या कोणत्या गावाने भोगले असेल ? तीर्थाच्या वादात मूर्तीच्या गाभाऱ्याचे दार सुमारे चार दशके बंद राहिले. यात्रेकरू झरोक्यातून दर्शन घेत परत जात. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. त्या वादात कोणाची बाजू खरी, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मुले मोठी झाली, म्हातारी झाली, आणि दार बंदच राहिले, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे. तेथे दोन पक्षांच्या भांडणाने कुलूप लागले होते. आपल्या वाड्यास तर आपल्या आळसानेच लागले आहे. ते उघडण्यास कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.

ती कोरीव चौकट परत आणण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. मात्र तिच्या जागी साधी सागवानी चौकट बसविण्याचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ, हे या सभेत जाहीर करतो. हे दान नव्हे. जुने देणे आहे. बाकीचे आपण सर्वांनी ठरवावे.