सहाशे युरो मागायचे कुणी?

फ्रँकफर्टहून मुंबईला येताना माझं विमान पाच तास लेट झालं. गेटवर एक सँडविच मिळालं, खाल्लं, गप्प बसलो. आपल्याला सवयच असते ना! नंतर रूममेट म्हणाला, "अरे, तुझे 600 युरो आहेत त्यांच्याकडे."

खरंच होते. युरोपियन युनियनचा 2004 चा 261 नंबरचा नियम. तिथल्या विमानतळावरून निघालात तर एअरलाइन कुठलीही चालते. मुंबईहून तिकडे जाताना मात्र ती युरोपियनच हवी. अंतर 3500 किलोमीटरच्या वर आणि पोहोचायला चार तासांहून जास्त उशीर, तर 600. वेळ कुठली धरायची? विमानाचं दार उघडतं ती. वादळ असेल तर पैसे विसरा, पण नुसतं 'तांत्रिक बिघाड' म्हणून एअरलाइन सहसा सुटत नाही.

मी आधी क्लेम कंपनीचं ॲप उघडलं. दोन मिनिटांचं काम. खाली बारीक अक्षरात: पाव हिस्सा आमचा, कोर्टात गेलं तर निम्मा. म्हणजे 300! बंद केलं.

एअरलाइनच्या साइटवर फॉर्म भरला. पीएनआर, बोर्डिंग पास, बँक खातं, बस. त्यांनी व्हाउचर पुढे केलं. मी लिहिलं, रोखच हवेत. सात आठवडे गेले, दोनदा आठवण करून दिली, मग आले. पूर्ण.

नकारच आला असता तर? मग कंपनी होतीच की. जर्मनीत तीन वर्षं मुदत असते, तीही वर्ष संपल्यावर मोजायची. तोवर बोर्डिंग पास फेकू नका.