एक पाय कॅनडात, एक अमेरिकेत

आज ऐकता ऐकता फोनवर मॅप उघडा आणि शोधा: स्टॅनस्टेड, क्वेबेक. कॅनडाच्या टोकावरचं छोटं गाव. पलीकडे लगेच अमेरिकेचं डर्बी लाईन. आता झूम करा. सीमारेषा चक्क घरांना खेटून जाते!

ही रेषा म्हणजे कागदावर 45 अंश उत्तर अक्षवृत्त. पण 1770च्या दशकात मोजणी झाली, तेव्हा ती थोडी वाकडीतिकडी आखली गेली. 1842च्या करारात दोन्ही बाजूंनी ती तशीच मान्य केली. इथल्या कॅनुसा रस्त्याचं नावच बघा, कॅन अधिक यूएसए! एका बाजूची घरं कॅनडात, समोरची अमेरिकेत.

मला मात्र भारी वाटतं ते इथलं हॅस्केल ग्रंथालय. मार्था हॅस्केल आणि त्यांच्या मुलानं ते मुद्दाम सीमेवर बांधलं, दोन्हीकडच्या लोकांसाठी. 1904 मध्ये वरचं नाट्यगृह सुरू झालं. रंगमंच कॅनडात, बहुतेक खुर्च्या अमेरिकेत! खाली वाचनखोलीत जमिनीवर काळी पट्टी आहे, तीच सीमा. मुख्य दार अमेरिकेत. तरी कॅनडातले लोक वर्षानुवर्षं फुटपाथवरून चालत यायचे, पुस्तक घ्यायचे आणि घरी जायचे.

आता खरी गोष्ट ऐका. 2017 नंतर अमेरिकेच्या प्रवासबंदीमुळे इराणी आईवडिलांना तिथे शिकणाऱ्या मुलांकडे जाता येईना. मुलांनाही भीती, बाहेर पडलो तर परत येऊ देतील का? मग आईवडील कॅनडातून यायचे, मुलं अमेरिकेतून, आणि भेट व्हायची या ग्रंथालयात. काही तासांचीच भेट. पण मिठी मारता यायची ना!

2025 मध्ये अमेरिकेनं ही फुटपाथची वाट कॅनडाच्या लोकांसाठी बंद करायला घेतली. ग्रंथालयानं काय केलं? कॅनडाच्या बाजूनं वेगळं दार करायचं ठरवलं. इमारत तीच, पुस्तकं तीच, दारं मात्र दोन.

मला विचाराल तर, ती काळी पट्टी वर्षानुवर्षं कुणाला टोचली नाही, कारण ती ओलांडायला कुणी अडवत नव्हतं. रेषा तेवढीच आहे हो, बदलला तो विश्वास.

तुमच्या गावाजवळ आहे का अशी एखादी सीमा? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!