उक्ते काम आणि मोघम बोली

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात तरुण सभासदांसमोर केलेले भाषण)



तरुणांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्या, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेलेली. तेव्हा मोठमोठे विषय आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत. परंतु आपल्या घराघरांतून सध्या एक तक्रार वारंवार कानी येते. ‘काम पुरे केले, पण मजुरीसुद्धा सुटली नाही,’ ही ती तक्रार. तिच्याविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आपली ज्ञाती मूळची सुतारकीची. बलुत्याच्या काळी सुताराने नांगर, कुळव, पाभर घडवावी, बैलगाडीची डागडुजी करावी आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यावे, असा रिवाज होता. त्या व्यवहारात अन्याय पुष्कळ होता, हे विसरून चालणार नाही. पण एक गोष्ट त्यात स्पष्ट होती. नांगर म्हणजे काय, हे करणाऱ्यालाही ठाऊक होते आणि करून घेणाऱ्यालाही. आज तसे राहिलेले नाही. आपली मुले फर्निचरची कामे घेतात, संगणकावर घरांचे आराखडे काढतात. आपल्या मुली दुकानदारांच्या वेबसाईट तयार करतात, भाषांतरे करतात. नोकरी नाही आणि दुकानही नाही. एकेक काम ठराविक रकमेत अंगावर घ्यावयाचे, असा हा धंदा आहे. त्याला फ्रीलान्स हे नवे नाव पडले असले तरी आपल्या वाडवडिलांनी त्याला ‘उक्ते काम’ म्हटले होते, आणि तेच नाव आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटते.

रोजंदारी आणि उक्ते यांतला भेद नीट ध्यानी घ्यावा. रोजंदारीत काम लांबले तर त्याचा भार मालकावर पडतो. उक्त्या कामात तो कारागिरावर पडतो. म्हणून मागणी जितकी मोघम, तितका उक्त्या कामाचा धोका मोठा. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका मुलीने एका दुकानदाराची वेबसाईट 60,000 रुपयांत उक्ती करून देण्याचे ठरविले. तिच्या अंदाजाने काम 20 दिवसांचे. म्हणजे रोज पडला 3,000 रुपये. काम निम्म्यावर आल्यावर दुकानदार म्हणाले, ‘मराठीबरोबर इंग्रजीतही हवी.’ पुढे म्हणाले, ‘गिऱ्हाइकाला तेथेच पैसे भरता आले पाहिजेत.’ त्यानंतर, ‘आमच्या 400 वस्तूंचे फोटो तुम्हीच चढवा.’ प्रत्येक वेळी पालुपद एकच : ‘हे त्यात आलेच की!’ 20 दिवसांचे 45 दिवस झाले. रोज उरला 1,333 रुपये, आणि दरम्यान हातचे दुसरे कामही गेले.

यात दुकानदार लबाड होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या मनातल्या वेबसाईटमध्ये या गोष्टी पहिल्यापासून होत्या. मुलीच्या मनातल्या वेबसाईटमध्ये त्या नव्हत्या. शब्द एकच, पण चित्रे दोन. पुष्कळ वेळा तर गिऱ्हाइकाच्या मनात चित्रच नसते. काम डोळ्यांसमोर उभे राहू लागले म्हणजे आपल्याला काय हवे होते, हे त्याला हळूहळू कळू लागते. हा मनुष्यस्वभाव आहे. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्याची तजवीज मात्र आधीच केली पाहिजे.

शाळेत आम्ही काळ-काम-वेगाची उदाहरणे घालीत असू. 12 मजूर एक भिंत 10 दिवसांत बांधतात, तर 8 मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? उत्तर 15 दिवस. हे उदाहरण सुटते, कारण त्यात ‘तीच भिंत’ असे म्हटले आहे. ‘तीच’ हा शब्द खोडून ‘एखादी’ असे लिहा; मग वर्गातल्या पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्यालाही उत्तर काढता येणार नाही. ‘एखादी भिंत’ ऐकून ‘तीच भिंत’ असल्यासारखी रक्कम सांगून टाकावयाची, हेच आपले तरुण करीत असतात.

अशा अडचणीत केवळ आपलीच मुले सापडतात, असे नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचे ऑपेरा हाऊस जगप्रसिद्ध आहे. त्याचा आराखडा यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाने 1957 साली स्पर्धेत जिंकला. सर्व नकाशे पुरे होण्यापूर्वीच 1959 साली बांधकामास प्रारंभ झाला. छपराचे शिंपले उभारावयाचे कसे, हेही त्या वेळी ठरलेले नव्हते. पुढे पायथ्याचे काही खांब छपराचा भार पेलणार नाहीत असे दिसून आले आणि ते नव्याने बांधावे लागले. मुख्य सभागृहाचा उपयोगसुद्धा मध्येच बदलला. उत्झन 1966 साली काम सोडून गेले. अंदाज 70 लाख डॉलरचा होता. 1973 साली इमारत खुली झाली तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला होता. तेथील सरकारने लॉटरी काढून त्यातील बराचसा पैसा उभा केला. आपल्या मुलांनी तो कोठून उभा करावा?

म्हणून रक्कम सांगण्यापूर्वी प्रश्न विचारावे. काम कोणासाठी? नेमके काय? किती? केव्हापर्यंत? मजकूर, फोटो, माल, मापे कोण पुरविणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, काम पसंत कोण करणार? घरात यजमान एक सांगतात, सौभाग्यवती दुसरे सांगतात आणि चिरंजीव तिसरेच सांगतात. तेव्हा पसंतीचा शब्द कोणाचा, हे आरंभीच विचारून घ्यावे. काही शब्द ऐकू आले की सावध व्हावे. ‘साधेच’, ‘चांगल्यापैकी’, ‘नेहमीसारखे’ आणि ‘वगैरे’ हे ते शब्द होत. ‘वगैरे’ निबंधात खपून जाते. उक्त्या कामात ते कारागिराच्या खिशातून जाते. ‘स्वयंपाकघराला चांगले प्लायवूड लावा’ म्हणजे काय? आय.एस. 710 चे मरीन प्लाय की साधे कमर्शियल? जाडी 18 मिलिमीटर की 12? बिजागऱ्या कोणत्या? जुने कपाट काढून नेणे आणि माल चौथ्या मजल्यावर चढविणे यात धरले आहे की नाही? हे प्रश्न विचारणारा कारागीर अडाणी ठरत नाही. उलट, यास काम कळते, अशी गिऱ्हाइकाची खात्री पटते.

उत्तरे मिळाली की ती कागदावर उतरावी. स्टँप पेपरच पाहिजे असे नाही. एक पान पुरे. त्यावर दोन रकाने असावेत : डावीकडे ‘यात काय येते’ आणि उजवीकडे ‘यात काय येत नाही’. उजवा रकाना पुष्कळ जण रिकामा सोडतात, आणि भांडणे तेथूनच उगवतात. ते पान गिऱ्हाइकास वाचून दाखवावे, मोबाईलवर पाठवावे आणि ‘मान्य’ असा शब्द मिळाल्यावरच विसार घ्यावा.

आता कोणी म्हणेल की, गिऱ्हाइकालाच सांगता येत नसेल तर कागदावर लिहावयाचे काय? त्यास दोन उपाय आहेत. पहिला असा की, सगळे काम उक्ते घेऊच नये. आधी लहानसा पहिला टप्पा वेगळ्या मोबदल्यात घ्यावा. घरी जाऊन मापे घ्यावी, कच्चा आराखडा किंवा नमुना करून दाखवावा, आणि तो पसंत पडल्यावर पुढील कामाची रक्कम सांगावी. नमुन्याचे पैसे मागण्यास संकोच वाटतो खरा. परंतु वैद्याला तपासण्याचे पैसे आपण देतोच, औषध मागाहून घेतो. दुसरा उपाय सरकारी बांधकाम खात्याच्या सरावातला आहे. परिमाण नक्की नसते तेथे बाबवार दर ठरवितात, मोजमाप पुस्तकात मापे नोंदवितात आणि होईल तितक्याचे पैसे देतात. वेबसाईटची दर पानास इतके, कपाटाचे दर चौरस फुटास इतके, असे सांगितले म्हणजे काम वाढले तरी तक्रार उरत नाही.

एवढे करूनही मध्येच नवी मागणी येतेच. तेव्हा कपाळाला आठ्या घालू नयेत आणि निमूटपणे करूनही देऊ नये. ‘हे करता येईल, त्यास इतके रुपये आणि इतके दिवस अधिक लागतील, करू काय?’ एवढे वाक्य शांतपणे उच्चारावे व लिहून पाठवावे. एखादी बारीकसारीक गोष्ट फुकट करून द्यावी. मात्र ती फुकट दिली आहे, हे बिलात नमूद करावे. न सांगितलेला उपकार पुढच्या वेळी हक्क होऊन बसतो.

कायद्याचेही थोडे सांगतो. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्यातील कलम 29 म्हणते की, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार निरर्थक होय. कायद्यातच उदाहरण दिले आहे : ‘शंभर टन तेल विकतो’ असा करार झाला, पण कोणते तेल हे कशावरूनच कळत नाही, असा करार टिकत नाही. विकणारा केवळ खोबरेलाचाच व्यापारी असेल तर मात्र त्याच्या धंद्यावरून अर्थ निश्चित होतो. तोंडी करारही कायद्यास सामान्यतः मान्य आहे. पण तो सिद्ध करताना तोंडाला फेस येतो. दुसरा कायदा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा, 2006 सालचा. 1 जुलै 2020 पासून ‘उद्यम’ नोंदणी चालू असून ती विनामूल्य आहे. सेवा देणाऱ्यासही ती करता येते. नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे काम स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत दिले पाहिजेत. मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवसांत. काम ताब्यात दिल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते ताब्यात दिल्या दिवशीच स्वीकारले असे धरले जाते. म्हणून काम सोपविल्याची तारीख लिहून ठेवावी आणि नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, परंतु याच मांडवाखाली तो बोलणे प्राप्त आहे. आपल्या तरुणांस पहिली कामे बहुधा ज्ञातीतूनच मिळतात. मामांच्या ओळखीने, व्याह्यांच्या शब्दावर, ‘घरचेच आहेत, लिहून काय घ्यायचे?’ असे म्हणत काम सुरू होते. परक्याकडे पैसे बुडाले तर पैसेच बुडतात. घरच्यांत बुडाले तर लग्नकार्यातले येणेजाणेही बुडते. एका कपाटापायी दोन घरांचे बोलणे तुटल्याचे आम्ही पाहिले आहे. तेथे दोघेही सज्जन होते. कागदाचे एक पान तेवढे नव्हते. म्हणून आमची वडीलधाऱ्यांस हात जोडून विनंती आहे की, आपला भाचा किंवा पुतणी कागद पुढे करील तेव्हा ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणू नये. ज्याला आपले नाते टिकवावयाचे आहे, तोच लिहून मागतो. आणि तरुणांस सांगणे हे की, लाकडाला हात घालण्यापूर्वी आपले वडील गुण्या लावून पाहत असत. त्यात लाकडाचा अपमान नव्हता. तुम्हीही रक्कम सांगण्यापूर्वी शब्दांना गुण्या लावा.