इंग्रजीचा पेपर आणि आपली मुले
(मंडळाच्या दहावी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही म्हणजे मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना शिकवणारे चौघे जण. उभा एक असला तरी बोलणे चौघांचे आहे. सुरुवातीलाच एक कबुली देतो. आमच्यापैकी दोघे दहावीला इंग्रजीतच नापास झालो होतो. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. घरात विचारायला कोणी नव्हते. गणित चुकले तर कोठे चुकले ते तरी कळे. इंग्रजीत काय चुकले हेच कळत नसे.

म्हणून अभ्यासिका सुरू केली तेव्हा आम्ही सोपा मार्ग धरला. गाईड आणले आणि दहा पत्रे, आठ निबंध मुलांकडून घोकून घेतले. एका मुलीला ते सगळे तोंडपाठ होते. पेपरात पाणी वेळेवर येत नसल्याची तक्रार करणारे पत्र आले. तिने मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला, कारण पाठ केलेल्यांत तक्रारीचे पत्र नव्हते. ती इंग्रजीत गेली. घरी तिचे लग्न ठरवण्याची बोलणी सुरू झाली. आम्ही चौघे तिच्या आईवडिलांकडे गेलो आणि सांगितले, चूक पोरीची नाही, आमची आहे. त्यांनी ऐकले. ती पुरवणी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. तेव्हापासून आमच्याकडे घोकंपट्टी बंद आहे.

आता पेपराकडे वळू. मराठी माध्यमाच्या मुलांना लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि वेळ तीन तास. उरलेले २० गुण शाळेच्या हातात, त्यात तोंडी परीक्षा येते. लेखी पेपरात उतारे असतात, कविता असते, व्याकरण असते, पत्र व इतर लेखन असते. न पाहिलेल्या उताऱ्यावर १५ गुण आहेत. मुले त्यालाच घाबरतात. वास्तविक त्यातल्या बहुतेक उत्तरांचा धागा उताऱ्यातच असतो. आधी प्रश्न वाचा, मग उतारा वाचा, आणि उत्तराच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा. एखादा शब्द अडला तर थांबू नका, पुढचे वाक्य त्याचा अर्थ सांगते.

शेवटी पाच गुण इंग्रजीतून मराठीत भाषांतराला असतात. मित्रांनो, हे गुण तुमच्या मायबोलीचे आहेत. ते सोडून येऊ नका.

आमच्या मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. म्हणून 'आय स्कूल गो' असे लिहिले जाते. 'ही गोज' मधला शेवटचा 'एस' विसरतो. 'अ', 'अ‍ॅन', 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती गळतात. अशा आपल्या पाच चुका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पेपर देण्यापूर्वी शेवटची दहा मिनिटे फक्त त्या पाच चुका शोधा.

पत्राचे तसेच. मायना, विषय, शेवट यांची मांडणी पक्की करा, परंतु मजकूर स्वतःचा लिहा. रोज पाच वाक्ये लिहा. आज नळाला पाणी आले नाही, बस उशिरा आली, बहीण आजारी आहे. साधी, तोकडी वाक्ये चालतील. ती शिक्षकांकडून तपासून घ्या.

आता पालकांना विनंती. आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार, असे माता-भगिनी म्हणतात. मुलाला धडा मोठ्याने वाचायला सांगा आणि मग तो मराठीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला समजला, तर मुलाला समजला असे खुशाल धरा. नाही समजला, तर दुसऱ्या दिवशी त्याला अभ्यासिकेत पाठवा. टीव्ही दोन तास बंद ठेवणे हीसुद्धा मदतच आहे. आणि निकाल वाईट लागला तर पोराला घालून-पाडून बोलू नका, पोरीची शाळा सोडवू नका.

बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. परळच्या चाळीतील दाटीत अभ्यासाला जागा नसे. मध्यरात्रीनंतर वडील रामजी सुभेदार त्यांना अभ्यासाला उठवीत. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. याच विद्यार्थ्याने पुढे कोलंबियात आणि लंडनमध्ये इंग्रजीतून प्रबंध लिहिले. गुण कमी पडले म्हणून त्यांनी वाचन सोडले नाही आणि वडिलांनी त्यांना उठवणे सोडले नाही, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

अभ्यासिका रोज सायंकाळी सात ते नऊ उघडी असते. फी नाही. वही आणि पेन्सिल तेवढी आणा.



जयभीम! नमो बुद्धाय!