वरचा करार आणि वाडीची दळी
(श्रीवर्धन येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



आम्ही शहरात राहून आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क शिकलो. वकिलीच्या वरची दोन वर्षं. मागच्या बैठकीत एका आजीनं विचारलं, "एवढं शिकलात, मंग आमची दळी नावावर व्हईल का?" आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

१९५७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १०७ नंबरचा करार केला. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन धरून आहेत तिच्यावर त्यांची मालकी, एकेकट्याची किंवा सगळ्यांची मिळून, मान्य करा, असं त्याचं ११वं कलम सांगतं. भारतानं १९५८ मध्ये तो मान्य केला. पण वाडीवर काय पोचलं? रायगडात ब्रिटिशांच्या काळापासून आपण दळीवर नाचणी-वरी पिकवतो, तरी सातबाऱ्यावर आपलं नाव नाही. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यालाही भारतानं मत दिलं. पण नुसत्या जाहीरनाम्यावर जमीन मिळत नाही. त्यासाठी देशाचा कायदा लागतो.

तो कायदा २००६ साली झाला, वनहक्क कायदा. तो मोर्चे काढून, धरणं धरून मिळवलाय. रायगड पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथं पेसा नाही. पण वनहक्क कायदा इथंही लागू आहे. जंगलजमिनीवरच्या जुन्या पट्ट्यांचं मालकीत रूपांतर करायची सोय त्याच्या कलम ३ मध्ये आहे.

आता कामाचं ऐका. दावा ग्रामसभेत लावायचा. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. जंगल खात्याचा जुना कागद चालतो, बांध चालतो, झोपडी चालते. म्हाताऱ्या माणसाची लिहून घेतलेली जबानीही चालते, मात्र ती दावेदाराची स्वतःची नको. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा. तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हुसकता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे.

तर आजी, आमच्या डिग्रीनं दळी नावावर होणार नाही. तुम्ही शेजारणीच्या दळीची साक्ष द्या, तिच्या घरचा म्हातारा तुमच्या दळीची देईल. लिहून घ्यायला आम्ही आहोत. शिकलो ते त्यासाठीच.

जिंदाबाद!