‘टेक ऑफ’ म्हणजे काय काय?



आज आपण इंग्रजीतल्या एका लहानशा जोडशब्दाची ओळख करून घेऊ या. शब्द आहे ‘टेक ऑफ’. विमानामुळे तो आता खेडोपाडी ठाऊक झाला आहे. पण या शब्दाला विमानाखेरीज आणखीही पुष्कळ कामे आहेत, आणि त्यांतले एखादे काम न कळल्यास नुकसान होऊ शकते. कसे ते सांगतो.

आपल्या कोल्हापूरजवळ शिरोलीला, गोकुळ शिरगावला ओतकामाचे कारखाने आहेत. गावोगावची मुले तिथे कामाला जातात. समजा, एका भट्टीशेजारी पाटी आहे : ‘डू नॉट टेक ऑफ युअर गॉगल्स’. मुलगा दहावी झालेला आहे, अक्षरे वाचतो. ‘टेक’ म्हणजे घेणे, हे त्याने पाठ केलेले. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे घरातल्या दिव्याच्या बटणामुळे माहीत. आता या दोहोंची बेरीज तो कशी करणार? ‘गॉगल घेऊ नका’ अशीच की नाही! पाटी सांगते, ‘डोळ्यांवरचा गॉगल काढू नका’. मुलाने अर्थ घेतला अगदी उलटा. भट्टीची ठिणगी काही भाषांतर तपासून उडत नाही.

मग चुकले कुठे? दोन्ही शब्दांचे अर्थ मुलाला येत होते. पण इंग्रजीत अशी क्रियापदे जोडीने चालतात, आणि जोडीचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेतून नेहमी निघत नाही. यात इंग्रजीनेच काही जगावेगळे केले आहे असे मात्र समजू नका. आपले ‘काढणे’ हे क्रियापद घ्या. आपण विहिरीतून पाणी काढतो, म्हशीची धार काढतो, सोसायटीचे कर्ज काढतो, फोटो काढतो, नवरदेवाची वरात काढतो. दुपारी एक झोप काढतो आणि दुष्काळात कसेबसे दिवस काढतो. एखाद्या परक्या माणसाने विचारले, ‘अहो, हे दिवस तुम्ही कशातून बाहेर काढता?’ तर काय सांगाल? जेम्स मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची मोठी दुसरी आवृत्ती आली. आपल्या भाषेतली अशी एकेक क्रियापदे उलगडताना त्यांना जे कष्ट पडले, तेच आज आपल्या मुलांना उलट बाजूने पडत आहेत.

आता ‘टेक ऑफ’कडे वळू. ‘ऑफ’ म्हणजे बंद, ही समजूत जरा बाजूला ठेवा. ‘ऑफ’चा मूळ भाव आहे सुटणे, वेगळे होणे, दूर जाणे. हे एक चित्र मनात धरले की बाकीचे अर्थ हाताशी येतात.

पहिला अर्थ, अंगावरची वस्तू काढणे. अंबाबाईच्या देवळात शिरण्यापूर्वी आपण पायताण काढतो. इंग्रजीत म्हणायचे, ‘टेक ऑफ युअर चप्पल्स’. पायापासून पायताण सुटले. तालमीत पैलवानाने शर्ट काढला : ‘ही टुक ऑफ हिज शर्ट’. भूतकाळात ‘टेक’चे ‘टुक’ होते. ‘ऑफ’ आहे तसाच राहतो.

दुसरा अर्थ, विमान उडणे. उजळाईवाडीच्या तळावरून विमान उडाले : ‘द प्लेन टुक ऑफ’. जमिनीपासून विमान सुटले. इथे काही काढायचे नाही, म्हणून कर्मही नाही.

तिसरा अर्थ विमानावरूनच आला. एखादा धंदा पहिली काही वर्षे नुसता धावपट्टीवर पळतो आणि मग एकदम वर उचलतो. ‘हिज बिझनेस हॅज टेकन ऑफ’, म्हणजे त्याच्या धंद्याने उचल घेतली. वॉल्ट रॉस्टो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६० सालच्या आपल्या पुस्तकात देशाच्या आर्थिक वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या तिसऱ्या पायरीला त्यांनी नाव दिले ‘टेक-ऑफ’.

चौथा अर्थ, किंमत कमी करणे. चप्पल घेताना घासाघीस चालते. दुकानदार म्हणतो, ‘आय विल टेक फिफ्टी रुपीज ऑफ’. म्हणजे किमतीतून पन्नास रुपये सुटले.

पाचवा अर्थ, रजा घेणे. जोतिबाच्या यात्रेला दोन दिवस सुट्टी काढली : ‘आय टुक टू डेज ऑफ’. कामापासून दोन दिवस सुटलो. इथे दिवस बहुधा मध्ये बसतात, हे ध्यानात ठेवा.

सहावा अर्थ ऐकून मुले हसतील. ‘ही कॅन टेक ऑफ द हेडमास्टर’ याचा अर्थ तो हेडमास्तरांना काढून टाकू शकतो असा नव्हे! तो त्यांची हुबेहूब नक्कल करतो, एवढाच. हा वापर मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला आहे.

आता शिक्षकांसाठी तीन गोष्टी. पहिली, शब्दांच्या जागेची. ‘टेक ऑफ युअर चप्पल्स’ चालते, ‘टेक युअर चप्पल्स ऑफ’ हेही चालते. पण चपलांऐवजी सर्वनाम आले, की ते मध्येच बसले पाहिजे : ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ असे म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट उच्चाराची. दोन ‘एफ’ असलेल्या शब्दाचा उच्चार ‘ऑफ’, एक ‘एफ’ असलेल्याचा ‘ऑव्ह’. आपल्या वर्गात दोन्हींना सरसकट ‘ऑफ’ म्हणतात आणि मग लिहितानाही घोटाळा होतो. तिसरी गोष्ट, अर्थ पारखण्याची. विद्यार्थ्याला विरुद्ध शब्द विचारा. कपड्यांच्या ‘टेक ऑफ’च्या उलट ‘पुट ऑन’, म्हणजे घालणे. विमानाच्या ‘टेक ऑफ’च्या उलट ‘लँड’, म्हणजे उतरणे. उलटा शब्द बरोबर आला, की सुलटा समजला असे खुशाल माना.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. कित्येक घरांत ही भाषा शिकणारे ते मूल पहिलेच असते. घरी विचारावे तर सांगणारे कोणी नाही. त्याला जे मिळायचे ते गुरुजींकडून, बाईंकडून. तेव्हा शब्दार्थांच्या याद्या थोड्या कमी करा आणि वाक्ये करून दाखवा. उद्या वर्गात एका मुलाला टोपी घालायला सांगा, ‘टेक इट ऑफ’ म्हणा, आणि त्याने काढली की साऱ्या वर्गाकडून ‘ही टुक इट ऑफ’ म्हणवून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. आणि पालकहो, तुम्हांला इंग्रजी येत नसली तरी हरकत नाही. संध्याकाळी मुलाला एवढेच विचारा, ‘बाळ, आज कोणते वाक्य शिकलास? ते करून दाखव बघू.’